‘एक’ म्हणजे किती व्होल्ट?

अंकीय इलेक्ट्रॉनिकीत दोनच अवस्था असतात, ० आणि १, असे आपण वर्गात सांगतो. त्यावर एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारतो, “१ म्हणजे नेमके किती व्होल्ट?” या प्रश्नाचे उत्तर निसर्गनियमात सापडत नाही. ते माणसांनी आपसांत ठरवले आहे आणि काळानुसार ते बदलत आले आहे. १९६९ च्या आरएस-२३२-सी या मानकात तर उणे ३ व्होल्टच्या खाली १ आणि अधिक ३ व्होल्टच्या वर ० मानला गेला!

पाच व्होल्टचे राज्य सुरू झाले ते टीटीएल चिपांमुळे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९६४ मध्ये ५४०० आणि १९६६ मध्ये ७४०० ही मालिका बाजारात आणली. या चिपांना ५ व्होल्टचा पुरवठा लागे. ०.८ व्होल्टपर्यंत ० आणि २ व्होल्टच्या वर १, असा त्यांचा करार होता. मधला पट्टा अनिश्चित. इंटेलचा १९८० चा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलरही ५ व्होल्टवरच चाले.

मग ही सोय मोडली का? ट्रान्झिस्टर लहान होऊ लागले म्हणून. विद्युतदाब तोच ठेवून ट्रान्झिस्टर लहान केला, तर त्यातील विद्युतक्षेत्र वाढते आणि विरोधक थर फुटण्याची भीती असते. आकाराबरोबर दाबही कमी करावा, हे आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले. शिवाय खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ५ ऐवजी ३.३ व्होल्ट वापरले, की इतर गोष्टी तशाच राहिल्यास खर्च सुमारे ४४ टक्क्यांवर येतो. इंटेलचे १९९३ चे पहिले पेंटियम ५ व्होल्टचे होते, १९९४ मधले पुढचे ३.३ व्होल्टचे.

आता एकाच यंत्रात दोन बोली बोलणाऱ्या चिपा आल्या. त्यांच्यातला दुभाषा म्हणजे लेव्हल शिफ्टर. १९९७ मध्ये फिलिप्सने अशी एक सुटसुटीत जोडणी प्रसिद्ध केली: प्रत्येक तारेसाठी एक मॉसफेट आणि दोन रोध. कोणत्याही बाजूने तार शून्यावर ओढली, की मॉसफेट वाहू लागतो आणि दुसरी बाजूही शून्यावर येते. एरवी प्रत्येक बाजू आपापल्या रोधामुळे आपापल्या दाबावर राहते. संदेश दोन्ही दिशांनी जातो.

हा इतिहास शाळेच्या प्रयोगशाळेतही भेटतो. २०१० चा आर्डुइनो उनो ५ व्होल्टचा. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या. तिथे ५ व्होल्टची तार थेट जोडली, तर आतल्या संरक्षक डायोडमधून नको तो प्रवाह वाहतो आणि पाटी निकामी होऊ शकते.

मग प्रत्येक बटणासाठी लेव्हल शिफ्टर हवा का? नाही. बटण स्वतः दाब निर्माण करत नाही. ते दोन तारा जोडते किंवा तोडते, इतकेच. पिन १० किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टला जोडावी आणि बटण पिन व भूतार यांच्यामध्ये बसवावे. बटण सोडलेले असताना १ मिळतो, दाबल्यावर ०. पण तेच बटण आधीच ५ व्होल्टच्या परिपथात असेल, तर मात्र दुभाषा लागतो. संदेश एकाच दिशेने जायचा असल्याने १० आणि २० किलोओहमचा विभाजकही पुरतो: ५ × २०/३० = सुमारे ३.३ व्होल्ट. कारखान्यातील २४ व्होल्टच्या स्विचसाठी ऑप्टोकपलर वापरतात. त्यात संदेश प्रकाशाने ओलांडतो आणि दोन परिपथ विद्युतदृष्ट्या वेगळेच राहतात.

म्हणून तार जोडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना मल्टिमीटर हाती द्यावा आणि विचारावे: या तारेवरचा ‘१’ किती व्होल्टचा आहे, आणि समोरच्या पिनेला तो सोसेल का?