कंपनीचे विधिक व्यक्तित्व आणि मुळशी

कंपनीचे विधिक व्यक्तित्व म्हणजे कंपनीला तिच्या भागधारकांहून वेगळी 'व्यक्ती' मानण्याचा कायद्यातील संकेत होय. अशी कंपनी स्वतःच्या नावाने मालमत्ता घेते, करार करते, दावा लावते. भागधारक मरण पावले तरी ती टिकते. भारतात १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार 'व्यक्ती' या शब्दात कंपनीचाही समावेश होतो. माणसाइतकेच हक्क कंपनीला असावेत काय, हा वाद जगभर चालतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात मात्र त्याचे स्वरूप निराळे दिसते: येथे दोन वेळा कंपनीच्या हाती माणसाला नसलेले अधिकार आले.

मुळशी धरण

१९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी पश्चिमेस कोकणात, भिरा येथे सोडण्याची व त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची योजना आखली. त्यासाठी लागणारी मावळातील भाताची खाचरे कंपनीने विकत मागून मिळणार नव्हती. ती सरकारने घेऊन दिली. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाचा सातवा भाग केवळ कंपन्यांसाठी होता. काम लोकोपयोगी ठरण्याचा संभव आहे अशी सरकारची खात्री पटली आणि कंपनीने सरकारशी करार केला, की संपादन करता येई. मालकास बाजारभाव व सक्तीच्या संपादनाबद्दल शेकडा १५ अधिक मिळत. नकाराचा हक्क मिळत नसे. शेजाऱ्याचे शेत आपल्याला हवे म्हणून सरकारकडून घेववण्याची सोय कोणाही शेतकऱ्याला नव्हती. व्यक्ती म्हणून कंपनी शेतकऱ्याच्या बरोबरीची म्हणावी, तर या कायद्याने तिला त्याच्या वर बसवले होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांनीही त्यात भाग घेतला. काम काही महिने थांबले व पुन्हा सुरू झाले. जमिनीचे मालक असलेल्या पुण्यातील सावकारांना भरपाईत रस होता, कसणाऱ्या मावळ्यांना जमिनीत. ही फूट कंपनीच्या पथ्यावर पडली. बापट यांनी अखेरीस सशस्त्र मार्ग धरून १९२४ मध्ये आगगाडी अडवली व त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले, गावे बुडाली. शिक्षा भोगायला शरीर लागते, ते कंपनीला नसते. तुरुंगवास अनिवार्य असलेल्या गुन्ह्यातही कंपनीवर खटला चालवून दंड करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले.

राज्यघटनेनंतर

समानतेचा अनुच्छेद १४ 'व्यक्ती'साठी आहे, म्हणून त्याचा लाभ कंपनीस मिळतो. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये नागरिकांसाठी आहेत, आणि कंपनी नागरिक नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितले. पुढे १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात व १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात भागधारकांच्या हक्कांच्या आडून ही भिंत बरीच खचली. अमेरिकेत २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांचा निवडणूकविषयक खर्च अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरला.

लवासा

मुळशी तालुक्यातच वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी उभारलेल्या लवासा या खासगी नगरीच्या कंपनीला राज्य सरकारने २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. बांधकाम करणारा आणि बांधकामास परवानगी देणारा एकच झाला. आपल्या घराचा नकाशा आपणच मंजूर करण्याची मुभा माणसाला कोणती ग्रामपंचायत देईल? नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावून काम थांबवण्यास सांगितले. २०१७ मध्ये प्राधिकरणाचा दर्जा काढून घेण्यात आला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि घरांसाठी पैसे भरलेले ग्राहक धनकोंच्या रांगेत उभे राहिले.

आजची स्थिती

१८९४ च्या कायद्याची जागा घेणारा २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. खासगी कंपनीसाठी संपादन करताना ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. कुळे व शेतमजूर यांना पुनर्वसनाचा हक्क मिळाला, तथापि संमती मोजताना ती कुटुंबे धरली जात नाहीत. १९२१ मध्ये मुळशीत जे सर्वाधिक लढले, त्यांतील अनेकांना या तरतुदीखालीही मत मिळाले नसते.