वहीखात्यातलं पुढारपण

रौप्यमहोत्सवी अंकासाठी सोसायटीचा इतिहास लिहावा, असं संपादक मंडळाचं म्हणणं पडलं. आपल्या इमारतीचा पंचवीस वर्षांचा इतिहास तर बहुतेकांना तोंडपाठ आहे. टँकरची वर्षं, लिफ्टची वर्षं, गच्चीच्या गळतीवरून झालेली भांडणं, सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी जरा मागचा इतिहास सांगतो. आपल्या मेंटेनन्सच्या पावतीवर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ असं छापलेलं असतं. त्यातला ‘सहकारी’ हा शब्द आपल्यापर्यंत आला कसा आणि आणला कोणी, याची ही गोष्ट आहे. ती आणणारी माणसं तुमच्या-आमच्यासारखीच होती.

इंग्लंडमधलं रॉचडेल हे कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या विणकरांची आणि कारागिरांची मजुरी तुटपुंजी, आणि दुकानात मिळणारा माल भेसळीचा. त्यातल्या २८ जणांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत २८ पौंड जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत एक दुकान उघडलं. माल किती? थोडं पीठ, लोणी, साखर, ओटचं भरड पीठ आणि मेणबत्त्या. बघणारे हसलेच असतील.

पण त्यांनी काही नियम केले आणि ते पाळले. माल शुद्ध, माप चोख, उधारी बंद. प्रत्येक सभासदाला एकच मत, मग त्याचं भांडवल कितीही असो. नफ्यातला काही भाग खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. पुढे तर शिलकीतले अडीच टक्के शिक्षणासाठी राखून ठेवले आणि सभासदांसाठी वाचनालय चालवलं. दिवसभर राबून आलेली ही माणसं संध्याकाळी दुकानात उभी राहिली, हिशोब लिहायला शिकली, सभा चालवायला शिकली. पुढारपणाचं शिक्षण त्यांना गल्ल्यावर मिळालं.

आपल्याकडे १९०४ साली सहकाराचा पहिला कायदा झाला. तो फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानं इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी झाली. मुंबईत राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी या दोन्ही संधी ओळखल्या. १९०६ साली त्यांनी एक सहकारी पतसंस्था काढली आणि तिला स्वतःचं नाही, आपले मार्गदर्शक शामराव विठ्ठल कैकिणी यांचं नाव दिलं. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक झाली. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. इमारती संस्थेच्या मालकीच्या, आणि राहणारा सभासद एकाच वेळी भाडेकरू आणि मालक. घरमालकापुढे हात जोडायची सवय असलेल्या माणसांना ‘आपणच घरमालक’ हे पचवायला सोपं गेलं नसेल. मालक झालं की तक्रार करायला दुसरं कोणी उरत नाही, नळ गळला तरी बैठक आपणच बोलवायची.

तिसरी गोष्ट गिरगावातली. कायद्यानं ती सहकारी संस्थेत मोडत नाही, पण वळण सहकाराचंच. १५ मार्च १९५९ रोजी एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणजे छगनबाप्पा पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. हेच पुढचं ‘लिज्जत’.

पावसाळा आला आणि पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. प्रश्न सुटला! ज्यांनी घरात पावसाळी दिवसांत कपडे वाळवले आहेत, त्यांना हे सुचणारच. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत करा आणि ती कधी उतरू देऊ नका. हिशोबही काटेकोर ठेवायला लावले. तिथं सगळ्या ‘बहेनी’ मालक, नफा-तोटा सगळ्यांचा, आणि शाखा सांभाळणाऱ्या संचालिकाही बहेनींमधूनच येतात. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

रॉचडेल, गावदेवी, गिरगाव. तिन्हीकडे भाषण ठोकणारा पुढारी फारसा दिसत नाही. दिसतात ती नेमानं होणारी कामं: वही लिहिणं, माप तपासणं, पाऊस आला तर खाट शोधणं. आणि आणखी एक गोष्ट दिसते. काम दुसऱ्याला शिकवलं गेलं, म्हणून ते टिकलं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही तोच रॉचडेलचा नियम आहे, एक सभासद एक मत. वन रूम किचन असो की थ्री बीएचके, हात एकच वर करायचा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, कमिटीची मुदत पाच वर्षं. कायद्यानं अधिकार दिला, पण खुर्चीवर बसायला माणूस कायदा देत नाही. दर निवडणुकीला आपल्याकडे तीच चार-पाच नावं येतात. चाळिशीत कमिटीवर आलेली ही माणसं आता पासष्टीत आहेत. टाकीचा व्हॉल्व्ह कुठला, कन्व्हेयन्सची फाइल कुठल्या कपाटात, ऑडिटरला काय लागतं, हे त्यांच्या डोक्यात आहे. ते डोक्यातच राहिलं, तर पुढच्या पाच वर्षांत दुरुस्तीचा किंवा पुनर्विकासाचा प्रश्न येईल तेव्हा आपण बिल्डरच्या कागदावर डोळे मिटून सही करू. सहकार म्हणून जे मिळवलं ते एका सहीत जाईल.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त एवढंच सुचवावंसं वाटतं. प्रत्येक पदाधिकाऱ्यानं यंदा एक जोडीदार निवडावा, शक्यतो तिशी-चाळिशीतला. खजिनदाराच्या शेजारी बसून कुणा सुनेनं वर्षभर वहीखातं शिकावं. सेक्रेटरीबरोबर कुणा मुलानं महिन्यातून एकदा पंपघरात उतरावं. आयटीतली मंडळी म्हणतील, हे ॲपवर टाकूया. अवश्य टाका, पण आधी पंपघर बघून या. आणि सभेला या, नुसता व्हॉट्सॲपवर अंगठा नको.

पंचवीस वर्षं ज्यांनी ऑफिसातून येऊन, जेवण बाजूला ठेवून सोसायटीचं काम केलं, त्यांचे हारतुरे या सोहळ्यात होतीलच. पण येत्या सप्टेंबरच्या सभेत कमिटीसाठी नवी नावं पुढे आली, तर त्यांना त्याहून जास्त आनंद होईल.