पैनगंगेचा फेरा

मुलखाचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक जुनी खोड अशी आहे की, नकाशावर नदीची रेघ दिसली म्हणजे तेथे एक प्रदेश संपला आणि दुसरा सुरू झाला असे ते गृहीत धरतात. राज्यकर्त्यांना ही रेघ सोयीची असते. मोजणीदाराला ती आयतीच मिळते आणि तहनाम्यात तिचे नाव लिहिले की काम भागते. परंतु नदीकाठी राहणाऱ्या माणसांनी ही सोय कधी कितपत मानली, हा प्रश्न वेगळा आहे. वऱ्हाडच्या दक्षिण अंगाने वाहणाऱ्या पैनगंगेपुरता तो प्रश्न येथे विचारात घेण्याचे आम्ही योजिले आहे, आणि त्यासाठी जो मार्ग निवडला आहे तो ग्रंथालयातला नसून सडकेवरचा आहे.

वाशीमहून निघावे, रिसोड गाठावे, तेथून पश्चिमेस वळून पैनगंगा ओलांडावी व लोणारचे सरोवर पाहावे. परतताना मेहकरास पुन्हा नदीची भेट घेऊन मालेगाववरून वाशीमास यावे, असा हा फेरा आहे. एकंदर वाट पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. हिवाळ्याच्या दिवसांत सायकलीने ती दोन दिवसांत सुखाने होते, आणि ती सायकलीनेच करावी असा आमचा आग्रह आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आरंभ वाशीमपासून करणे इतिहासदृष्ट्याही योग्य होय. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वात्स्यायनाच्या कामसूत्रात या नगराचा उल्लेख आहे आणि राजशेखराने काव्यमीमांसेत ते विदर्भातील नगर म्हणून गौरविले आहे. तरीही येथे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा नांदत होती, ही गोष्ट विद्वानांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ठाऊक नव्हती. इ. स. १९३९ मध्ये वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, आणि अजिंठ्याच्या लेखातील पुसट अक्षरांचाही उलगडा होऊन सर्वसेन ते हरिषेण अशी वत्सगुल्म शाखेची वंशावळ जुळली. त्या सर्वसेनाने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले होते. हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत ते लेणे आहे, त्याच रांगेत बुलढाण्याकडील भागात पैनगंगा उगम पावते, हेही ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

आमच्या विषयाला उपयोगी असा ताम्रपटातील भाग दानाचा आहे. वत्सगुल्माहून दिलेल्या या सनदेने जे गाव ब्राह्मणांना अर्पण केले, ते नांदीकट प्रदेशाच्या उत्तर विभागात होते. आणि नांदीकट म्हणजे आजचे नांदेड. वाशीम नदीच्या डाव्या अंगाला, नांदेड तिच्या उजव्या अंगाला. म्हणजे चौथ्या शतकाच्या सुमारास वाशीमच्या राजाचा हुकूम पैनगंगेपलीकडे बिनदिक्कत चालत होता. त्याच्या लेखी ही नदी राज्याच्या पोटातून वाहणारा एक प्रवाह होती.

मग ती सीमा झाली केव्हा? मराठेशाहीतही वाशीम हे वाटा मिळण्याचे ठिकाण होते. तेथल्या विणकरांचे कापड इतके नावाजलेले होते की, १७६९ मध्ये पेशवे आणि नागपूरकर भोसले यांच्यात कनकापूर येथे जो तह झाला, त्यात वाशीम आणि बाळापूरचे कापड दरसाल पेशव्यांना देण्याचे कलम घालण्यात आले. भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधविलेले बालाजीचे मंदिर त्याच अठराव्या शतकातले. नदीला सीमेचे खरे कठोर रूप आले ते इंग्रजी अमदानीत. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, १९०२ च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेले, आणि वाशीमच्या दक्षिणेस पैनगंगेच्या एका तीरावर इंग्रजी अंमल, तर दुसऱ्या तीरावर निजामाची हिंगोली अशी स्थिती झाली.

या रेघेचा अर्थ काय होता, हे आजच्या तरुण वाचकाला सांगावे लागेल. अलीकडे कंपनीचा रुपया, तर पलीकडे हाली सिक्का. अलीकडच्या कचेरीत मराठी चाले, पलीकडच्या कचेरीत आधी फारसी आणि मग उर्दू. मालावर जकात. ज्या शेतकऱ्याची सासुरवाडी पलतीरी होती, त्याला बायकोला माहेरी पोहोचविताना राज्य ओलांडावे लागे. वाशीमहून हिंगोलीकडे जाताना नदीजवळ जे गाव लागते, त्याचे नाव आजही कनेरगाव नाका असेच आहे. निजामाच्या मुलखातील लोहमार्ग पूर्णेहून हिंगोलीपर्यंत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येऊन पोहोचला होता. परंतु तो नदी ओलांडून वाशीम-अकोल्यास मिळाला तो १९४७ नंतरच. रूळ टाकण्याची विद्या होती, नदीवर पूल बांधण्याची विद्या होती. नव्हती ती दोन राज्यांची एक इच्छा.

तरीसुद्धा ही सीमा नदीशी प्रामाणिक नव्हती, हे फेऱ्यावर निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळते. रिसोड सोडून लोणारकडे जाताना आपण पैनगंगा पार करतो. परंतु लोणारही वऱ्हाडातच होते, निजामी मुलखात नव्हते. म्हणजे वरच्या अंगाला दोन्ही तीर एका राज्यात आणि खालच्या अंगाला दोन तीर दोन राज्यांत! नदी तीच, पाणी तेच, दोन्ही काठांवरची भाषा तीच. मनुष्याने आपल्या सोयीपुरती ती सीमा केली आणि सोय सरली तेथे सोडून दिली.

ही गोष्ट मोटारीतून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही, म्हणून सायकलीचा आग्रह. स्टार्ले यांनी १८८५ मध्ये दोन सारख्या चाकांची साखळीवर चालणारी सायकल सिद्ध केली आणि १८८८ मध्ये डनलप यांनी हवेने भरलेली धाव तिला दिली. तेव्हापासून सामान्य माणसाला, घोडा न पाळता, जमिनीची ओळख करून घेण्याचे साधन लाभले. मुंबईच्या काही पारशी तरुणांनी तर १९२३ मध्ये सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला प्रस्थान ठेवले, आणि त्यांपैकी हकीम, बापासोला व भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. आमचा फेरा त्यापुढे अगदीच लहान. पण गुण तोच. चढ लागला की पायाला कळते, उतार लागला की नदी जवळ आली हे कळते. कोणते पाणी कोणत्या ओढ्याला मिळते, काळी माती कोठे संपते, बाजाराचे गाव उंचवट्यावर का वसले, या गोष्टी नकाशाने सांगितल्या तर पाठ कराव्या लागतात. पायांनी सांगितल्या तर विसरत नाहीत.

लोणारच्या काठावर आल्यावर राज्यांच्या सीमांचा हिशेब एकदम लहान वाटू लागतो. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोल असे हे विवर. पुराणाने ते लवणासुराच्या वधाशी जोडले आणि त्या कथेतील विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात उभे राहिले. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लोणारचे माहात्म्य नोंदविले आणि काच व साबण यांना लागणारी द्रव्ये तेथे मिळतात हेही टिपले. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ भूगर्भशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचे मुख मानीत. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, आघाताने रूप पालटलेल्या खनिजांच्या आधारे, ते उल्कापाताने झाले असे सिद्ध केले. त्याचे वय प्रथम पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. तळातले पाणी खारे आणि काठावर गोमुखाची गोडी धार. २०२० च्या जूनमध्ये लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. या धारेखाली स्नान करण्यास येणारा यात्रेकरू निजामी मुलखातून आला की इंग्रजी, हे त्या पाण्याने कधी विचारले नसेल.

परतीच्या वाटेवर मेहकर. येथे पैनगंगेच्या काठी शारंगधर बालाजीचे मंदिर आहे. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली ती विष्णूमूर्ती पाहिली म्हणजे या नदीकाठी केवढे शिल्पवैभव नांदत होते याची कल्पना येते. मेहकरहून मालेगावकडे येताना २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग दृष्टीस पडतो. त्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या मार्गाने जाणाऱ्याला पैनगंगा ही पुलाखालून क्षणभर चमकून जाणारी वस्तू होते, हेही खरे.

आता सीमा पुष्कळच मिटल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी अंमल संपला. १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही तीर मुंबई राज्यात एकत्र आले, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र झाला. १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झालेला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. परंतु राज्याची रेघ पुसली गेली तरी मनातली पुसली जात नाही. शाळेत मुलाला आपल्या जिल्ह्याचा इतिहास शिकवितात तो जिल्ह्याच्या हद्दीशी येऊन थांबतो. वाशीमचा मुलगा वत्सगुल्म शिकतो. त्या राजाने दिलेले गाव नांदेडकडे होते हे त्याला कोणी सांगत नाही. हिंगोलीचा मुलगा निजामशाही शिकतो; नदीपलीकडच्या नगरात आपल्याच प्रदेशाची राजधानी होती हे त्याच्या कानी पडत नाही. लोणार तर दोघांच्याही पुस्तकात ‘शेजारच्या जिल्ह्यात’ जाते.

याचा परिणाम केवळ पुस्तकी नाही. जी नदी कोणाच्याच इतिहासात पुरती येत नाही, तिची काळजीही कोणी पुरती घेत नाही. प्रत्येक तीर दुसऱ्या तीराकडे बोट दाखवितो आणि मध्ये पाणी आटते. म्हणून शिक्षकांनी व पालकांनी दिवाळीच्या सुटीत थोरल्या मुलांना सोबत घेऊन हा फेरा एकदा करावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. पुस्तक हवे असेल तर घ्यावे. पण रिसोडच्या पुढे पुलावर सायकल थांबवून, हे पाणी कोठून येते व कोणाकडे जाते, एवढा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. त्याचे पूर्ण उत्तर देताना सध्याचा एकही जिल्हा एकटा पुरत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळेल.