सोंगाची देहबोली: पैठणचे भारूड आणि इटलीचे मुखवटे

छत्रपती संभाजीनगरहून पडेगावमार्गे पश्चिमेला जाणारा रस्ता ज्या दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोहोचतो, तेथेच संत एकनाथांनी (१५३३–१५९९) जनार्दनस्वामींचे शिष्यत्व पत्करले; पुढे पैठणला परतल्यावर त्यांनी भारूड, म्हणजे लोकजीवनातील रूपकांतून अध्यात्म सांगणारे पद, अशा उंचीला नेले की ज्ञान ऐकण्याबरोबर पाहण्याचाही विषय झाले. भारूड सादर करताना सोंग आणले जाते, म्हणजे गाणारा वेश, चाल आणि हावभाव यांच्या आधारे जोशी, वासुदेव, आंधळा किंवा मुका होऊन लोकांपुढे उभा राहतो.

त्याच शतकात, १५४५ मध्ये, इटलीतील पादुआ येथे काही नटांनी एकत्र फिरून प्रयोग करण्याचा करार केला आणि ‘कोमेदिया देल्लार्ते’ या व्यावसायिक नाट्यपरंपरेचा तो आरंभीचा पुरावा ठरला. तिच्यातील कंजूष म्हातारा पांतालोने आणि सदा भुकेला नोकर अर्लेक्कीनो चामड्याचे अर्धे मुखवटे लावत. चेहऱ्याचा वरचा भाग झाकला गेल्यामुळे लोभ आणि भूक यांचे दर्शन मान, पाठ व पावले यांनाच घडवावे लागे. संवाद आयत्या वेळी रचले जात असले, तरी ‘लात्सी’, म्हणजे माशी पकडून ती पक्वान्नासारखी चवीने खाण्यासारखे अंगविक्षेपी विनोदाचे तुकडे, नटांच्या अंगवळणी पडलेले असत.

भारुडात मुखवट्याची गरज भासत नाही, परंतु देहाचे काम तेच आहे. विंचवाच्या भारुडात दंश झालेली व्यक्ती लंगडते, कळवळते, अंग आक्रसून घेते आणि प्रेक्षक हसू लागतात. मात्र हा विंचू काम-क्रोधाचा असून त्यावर सत्त्वगुणाचा उतारा आहे, हे उलगडताच ते हसू स्वतःकडे वळते. इटलीच्या नोकराची भूक समाजातील विषमता उघडी करते, तर एकनाथांचे सोंग माणसाच्या मनातील विकार उघडे करते, हा दोन परंपरांमधील खरा भेद होय.

सिल्लोड तालुक्यातील भारुडकार निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ हे भारूड गाजवून ही कला आपल्या काळापर्यंत जिवंत ठेवली. छापील गाथेत पदाचे शब्द सुरक्षित राहतात, पण लंगडण्याची लय आणि थबकण्याची वेळ गुरूकडून शिष्याच्या देहातच उतरते; म्हणून भारुडाचे जतन करायचे, तर पोथीइतकाच भारुडकारही सांभाळला पाहिजे.