सपाट टपालावरील पत्त्याचे स्थान (अमेरिकी टपाल सेवा)

सपाट टपालावरील पत्त्याचे स्थान म्हणजे मासिके, कॅटलॉग व मोठी पाकिटे यांवर पत्ता कोठे आणि कसा असावा, यासंबंधी अमेरिकी टपाल सेवेने घालून दिलेले नियम होत. ते २९ मार्च २००९ पासून लागू झाले. स्वयंचलित वर्गीकरणाच्या, पूर्ववर्गीकृत आणि वाटपमार्गाच्या सवलतीच्या दरांत टपाल पाठवणाऱ्यांना हे नियम पाळावे लागतात.

पत्रापेक्षा मोठ्या, परंतु पार्सल न ठरणाऱ्या लवचिक टपालवस्तूला तेथे ‘फ्लॅट’ म्हणतात. लांबी ११.५ इंच, उंची ६ १/८ इंच किंवा जाडी पाव इंच, यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी वस्तू या वर्गात येते. कमाल माप १५ × १२ × ३/४ इंच आहे.

पार्श्वभूमी

पूर्वी यंत्रे असे टपाल फक्त वाटपमार्गापर्यंत वेगळे करीत. त्यापुढे घरांच्या क्रमाने ते लावण्याचे काम पोस्टमन खणांच्या मांडणीसमोर उभा राहून हाताने करी व त्यात त्याच्या सकाळचा मोठा भाग जाई. हे श्रम वाचवण्यासाठी टपाल सेवेने २००७ मध्ये नॉर्थरॉप ग्रमन या कंपनीला क्रमवारी लावणाऱ्या १०० यंत्रणांचे कंत्राट दिले. क्रमाने लागलेला गठ्ठा वाटताना प्रत्येक वस्तू बाहेर न काढता पत्ता दिसला पाहिजे, अन्यथा यंत्राने वाचवलेला वेळ रस्त्यावर खर्च होतो. म्हणून पत्ता वरच्या अर्ध्या भागात असण्याचा आग्रह धरण्यात आला.

‘वर’ म्हणजे कोणती बाजू?

नियमांचा खरा पेच येथे आहे. बांधणीची किंवा शेवटच्या घडीची कडा उभी व उजव्या हाताला ठेवल्यावर जी कडा वर येते, ती ‘वरची’ मानतात. पाकिटात किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टनात असलेल्या वस्तूची कोणतीही आखूड कडा वरची धरता येते. पत्ता या कडेला समांतर असणे श्रेयस्कर आहे. तो उभा चालतो, परंतु कडेच्या संदर्भात उलटा चालत नाही.

इंग्रजी मासिकाची बांधणी मुखपृष्ठावर डावीकडे आणि मलपृष्ठावर उजवीकडे असते. त्यामुळे मलपृष्ठावरील पत्ता सरळ बसतो. मुखपृष्ठावर मात्र व्याख्येनुसार अंक उलटा धरावा लागतो, आणि समांतर छापलेला पत्ता वाचकाला खालच्या भागात उलटा दिसतो. वर्गणीदारास ही छपाईतील चूक वाटण्याचा संभव असला, तरी ती नियमाचीच परिणती आहे. मुखपृष्ठाची सजावट जपायची की मलपृष्ठावरील जाहिरातीची जागा सोडायची, ही निवड प्रकाशकाला करावी लागते.

अक्षरे व बारकोड

पत्ता कोणत्याही कडेपासून किमान १/८ इंच आत असावा लागतो. अक्षरे किमान ८ पॉइंटची हवीत. वाटपस्थळाचा बारकोड असल्यास ६ पॉइंटची मोठी अक्षरे चालतात. अक्षरे एकमेकांना चिकटलेली किंवा ओळी एकमेकींवर आलेल्या असू नयेत. सध्याच्या बारकोडात ६५ रेघा असतात. त्याआधीच्या पोस्टनेट बारकोडावरील स्वयंचलन सवलत जानेवारी २०१३ मध्ये बंद झाली.

नियम मोडला म्हणून टपाल अडवले जात नाही, परंतु दराची सवलत जाऊ शकते. लाखो प्रती पाठवणाऱ्या प्रकाशकासाठी हा दंडच असतो. ज्या यंत्रणांसाठी हे नियम आखले गेले, त्यांचा वापर टपाल सेवेने पुढे टप्प्याटप्प्याने कमी केला.