चाबुकस्वार आणि मोतद्दार

भिंगारच्या मुलांना इतिहास शिकवताना दोन तारखा टळत नाहीत. 1490 साली अहमद निजामशहाने बहमनी फौजेला याच परिसरात हरवले आणि पुढे इथे नगर वसवले. 1707 साली औरंगजेब बादशहाचा इंतकाल झाला तोही इथल्याच छावणीत. दोन्ही प्रसंगी हजारो घोडे इथे बांधलेले असणार. त्या घोड्यांना हाताळणाऱ्या माणसाला मात्र पाठ्यपुस्तकात जागा नाही. आज आम्हाला त्याच्याविषयी लिहायचे आहे, आणि तेही त्याच्या एकाच कामाविषयी: भेदरलेले जनावर वाहनात चढवणे.

दख्खनच्या सुलतानांना चांगला घोडा समुद्रावरून आणावा लागे. मार्को पोलोने होर्मुझच्या जहाजांचे वर्णन केले आहे. माल भरला की त्यावर कातडी अंथरत आणि कातड्यांवर हिंदुस्थानात विकायचे घोडे उभे करत. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन होर्मुझहून चौलला उतरला आणि जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला. खुरासानच्या एका ख्वाजाने रदबदली केली तेव्हा तो परत मिळाला. घोड्यावर किती पैसा गेला, इथे घोड्यांना हरभरा आणि खिचडी कशी चारतात, हे सारे निकितिन सांगतो. हलत्या गलबतात ते जनावर चढवले कोणी, हे सांगायची गरज त्याला वाटली नाही.

ती माणसे भाषेत मात्र उरली आहेत. घोडा शिकवणारा तो चाबुकस्वार. आज चाबूक म्हटले की फटका आठवतो, पण फारसीत ‘चाबुक’चा एक अर्थ चपळ, हुशार असाही आहे. म्हणजे चाबुकस्वार हा मारकुटा नव्हे, कसबी माणूस. घोड्याच्या वैद्याला उर्दूत सलोतरी म्हणतात, आणि हा शब्द संस्कृतातल्या शालिहोत्रावरून आला. मराठीतला मोतद्दार आणि उर्दूतला सईस हे एकाच तबेल्यातले. कोणती भाषा कोणाची यावर भांडणाऱ्यांनी तबेल्यात एक फेरी मारावी.

इंग्रजांनी 1817 च्या सुमारास इथे कॅन्टोन्मेंट उभारले. पुढे नगरला लष्करी घोड्यांचा रिमाउंट डेपोही होता. 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि घोड्यापुढे एक नवीच वस्तू उभी राहिली: वाघीण.

घोडा तिला का भितो? त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. नाकाच्या अगदी समोरचे आणि पाठीमागचे त्याला दिसत नाही. उन्हातून अंधारात गेल्यावर त्याची नजर आपल्यापेक्षा उशिरा स्थिरावते. त्यात फळीवर टाप पडली की खालून पोकळ आवाज येतो. पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याला आपण सांगतो, पळायला वाट नाही तिथे शीर. तो अडतो, यात हट्ट कसला!

जाणता सईस म्हणूनच घाई करत नाही. गाडीची मागची चाके सखल जागी घेऊन तो फळीचा चढ कमी करतो. फळीवर गोणपाट, पेंढा अंथरून आवाज मारतो. आधी जुना, सवयीचा घोडा आत उभा करतो. मग नव्या तट्टाला फळीशी आणून थांबवतो, हुंगू देतो. समोर उभा राहून डोळ्यांत डोळे घालून ओढत नाही, खांद्याशी चालतो. एक पाय फळीवर आला की दोर लगेच सैल. त्या ढिलाईतूनच घोड्याला कळते की हेच हवे होते. पहिल्या दिवशी दोन पाय पुरे. उतरवून परत न्यायचे. तोबऱ्यातला हरभरा शेवटी, आत गेल्यावर. मागून काठी घातली तर तट्टू एकदा चढेलही, पण दुसऱ्या दिवशी गाडी दिसताच मागे सरकेल.

1914 मध्ये डेक्कन हॉर्स, पूना हॉर्स या पलटणी घोड्यांसह फ्रान्सला गेल्या. त्या काळी घोडे जहाजावर फळीवरून चढवत किंवा पोटाखाली झोळी बांधून यारीने उचलत. पाय जमिनीवरून सुटलेल्या घोड्याजवळ कोणाचा आवाज असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. 1938 पासून पलटणींचे घोडे गेले, रणगाडे आले. त्या दोन्ही पलटणी आज रणगाड्यांच्या आहेत. नगरला 1948 मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आले, 1994 मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय झाले. मुलांची सहल तिथे जाते. सईसाचे संग्रहालय कुठे आहे?

त्याचे काम मात्र संपलेले नाही. लग्नसराईत नवरदेवाची घोडी आता चालत जात नाही, टेम्पोने जाते. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार एका गाडीत चार ते सहाच घोडे, वेग ताशी 35 किलोमीटरपर्यंत, आणि पाय घसरू नये म्हणून खाली अंथरूण हवे. रात्री दोन वरातींची वेळ गाठताना हे कोण पाहतो? घोडी अडली की चारजण मागून ढकलतात, पाचवा शेपूट पिरगाळतो.

आमच्या वर्गात घोडेवाल्यांच्या घरची मुले आहेत. घरच्या धंद्यातले शब्द लिहून आणा, असे आम्ही एकदा सांगितले. एका मुलाने खरारा, तोबरा, नाल, अगाडी, पिछाडी असे शब्द उर्दूत सुरेख लिहून आणले. सर्वांत शेवटी, जरा बारीक अक्षरात, त्याने अब्बांचा एक शब्द लिहिला होता. तो शब्द नव्हताच. घोडी चढताना जिभेने काढायचा तो चुचकारा होता, आणि तो उर्दूत कसा लिहायचा हे त्याने आम्हालाच विचारले.