ओव्याचा काढा

ओव्याचा काढा हे पोटफुगी, अपचन व वातामुळे होणारी पोटदुखी यांवर घरोघरी केले जाणारे पेय आहे. ओवा ही कोथिंबीर, जिरे व बडीशेप यांच्या कुळातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी असे आहे. संस्कृतमध्ये तिला यवानी म्हणतात. बी म्हणून ओळखला जाणारा ओव्याचा दाणा हे वस्तुतः तिचे फळ होय. भारतात ओव्याचे पीक मुख्यत्वे राजस्थान व गुजरातमध्ये घेतले जाते.

नावांतील घोटाळा

मराठीत 'ओवा' हा शब्द निरनिराळ्या वनस्पतींना लावला जातो. कुंडीत वाढणारा, जाड व लवदार पानांचा पानओवा तुळशीच्या कुळातला आहे. त्याच्या पानांची भजी करतात. मसाल्याचा ओवा त्याला येत नाही. किरमाणी ओवा ही जंतांवर वापरली जाणारी तिसरीच वनस्पती. यांतील खरा धोका खुरासानी ओव्याचा आहे. ही धोतऱ्याच्या कुळातील विषारी वनस्पती असून तिच्या बियांतील द्रव्यांमुळे तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, भ्रम होतो आणि मात्रा जास्त झाल्यास जीवावरही बेतू शकते. त्यामुळे काष्ठौषधींच्या दुकानातून नुसता 'ओवा' मागून आणण्यापेक्षा किराणा मालाच्या दुकानातील नेहमीचा ओवा घ्यावा व तो चोळून वास पाहावा. खऱ्या ओव्याचा वास उग्र, तिखट आणि ओळखीचा असतो.

कृती

शार्ङ्गधरसंहितेत औषधी पाणी करण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या आहेत, त्यांपैकी क्वाथ व फांट या दोन येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. क्वाथात भरड औषध सोळापट पाण्यात उकळून एक अष्टमांश उरवतात, तर फांटात औषधावर उकळते पाणी ओतून ते झाकून ठेवतात. मुळे व साली यांसाठी आटवणे योग्य ठरते. ओव्याचा गुण मात्र त्यातील सुगंधी तेलात असतो आणि ते वाफेबरोबर उडून जाते. काढा उकळताना घरभर सुटणारा वास म्हणजे भांड्यातून निघून गेलेले औषधच. म्हणून नाव काढा असले तरी रीत फांटाची बरी.

एका कपासाठी अर्धा चमचा ओवा मंद आचेवर किंचित भाजून भरड कुटावा. त्यावर उकळते पाणी ओतून भांडे ८ ते १० मिनिटे झाकून ठेवावे, मग गाळून कोमट असतानाच घोट घोट प्यावे. आवडीप्रमाणे चिमूटभर पादेलोण, आल्याचा तुकडा किंवा थोडा गूळ घालतात. चव तिखट व किंचित कडसर लागते. लहानपणी हा काढा नाक दाबून प्यायलेल्यांची संख्या कमी नसावी.

घटक व उपयोग

ओव्यात साधारणपणे २ ते ४ टक्के सुगंधी तेल असते. थायमॉल हा त्यातील प्रमुख घटक. पहिल्या महायुद्धापूर्वी थायमॉल काढण्यासाठी भारतातून जर्मनीला ओवा निर्यात होत असे. यालाच ओव्याचे फूल म्हणतात. ते कापूर व पुदिन्याचे फूल यांच्यासह एकत्र केले असता तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात, आणि ते मिश्रण अमृतधारा म्हणून विकले जाते. आयुर्वेदात ओवा दीपन, पाचन व वातानुलोमन करणारा मानला असून हिंग्वाष्टक चूर्णाच्या आठ घटकांत त्याचा समावेश आहे. आतड्याच्या स्नायूंची उबळ सैल करण्याचा गुण प्रयोगशाळेत आढळला आहे. माणसांवरील मोठ्या चाचण्या मात्र थोड्या आहेत.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकात गवारीच्या भाजीला ओव्याची फोडणी देतात आणि भज्यांच्या पिठात ओवा चुरडून घालतात, त्यामागचा हेतूही हाच. बाळंतिणीला ओवा व बाळंतशेपा चावायला देण्याची आणि ओव्याची धुरी देण्याची चाल अनेक घरांत आहे.

मर्यादा

ओवा उष्ण आहे. छातीत जळजळ, अम्लपित्त किंवा जठरव्रण असल्यास या काढ्याने त्रास वाढतो. तेथे बडीशेप किंवा धन्याचे पाणी अधिक मानवते. गर्भवती स्त्रियांनी स्वयंपाकातील प्रमाणाबाहेर ओवा घेऊ नये. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही द्यावयाचे नसते, त्यामुळे ओव्याचे अथवा वावडिंगाचे पाणीही देऊ नये.

सर्वांत मोठी हानी काढ्याने होत नाही, तर काढ्याची वाट पाहण्यात गेलेल्या वेळाने होते. बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकणारी वेदना आंत्रपुच्छाच्या सुजेची असू शकते. 'गॅस झाला आहे' म्हणून दुर्लक्षिलेली पोटाच्या वरच्या भागातील कळ, विशेषतः सोबत घाम, धाप किंवा हात व जबडा भरून येणे असल्यास, हृदयविकाराची असू शकते. अशा वेळी, तसेच ताप, सततची उलटी, काळी शौचास होणे किंवा पोट कडक होणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.